मासेलिनोच्या शेजारची जागा

फुआतिनो मावशी सकाळी आधी भावाच्या थडग्यावर पडलेला चाफा झाडायची, मग अंगण. कोकोचा कप थडग्याच्या कडेला ठेवायची. तो भावासाठी नसायचा, निवायला ठेवलेला असायचा. रेडिओशी भांडायची. पत्ते पिसताना जीभ दातांत धरायची, आणि हरली की पानं कमी आहेत म्हणून सगळ्यांना मोजायला लावायची. उशांचे अभ्रे दोरीवर न घालता थडग्यावर पसरायची आणि कोपऱ्यांवर कच्ची लिंबं ठेवायची, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. कुणी निघालं की "जा बाई, जा" म्हणायची आणि आणखी तासभर बसवून ठेवायची. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की वाक्य अर्ध्यावर सोडायची. प्रार्थना संपली की तिथूनच पुढे बोलायला लागायची.

आणि थडग्यावर बसायची ती डाव्या अर्ध्यावर. उजवीकडे कधीच नाही. उजवीकडे मासेलिनो होता.

डावी बाजू रिकामी होती. ती तिची.

मंगळवारी दुपारी मावशी गेली. उद्या तिला शवागारातून घरी आणून पुरायचं आहे, आणि तिची जागा बंद आहे. त्या जागेवर संगमरवराचं पुस्तक आहे.

मी दोन घरं पलीकडे राहते. मासेलिनोच्या दोन गोष्टी आम्हाला शाळेत होत्या. आमच्या बेटावरच्या आपिया शहराच्या बस अड्ड्यावरची माणसं, त्यांची भांडणं, त्यांचे उपास. पुढे कॉलेजात मी त्याच्यावर प्रबंध लिहायचं ठरवलं आणि त्याच्या बहिणीची मुलाखत घ्यायला गेले. रोज जिच्या अंगणातून जात होते तिच्याकडे मी वही घेऊन, बूट घालून गेले. मावशी बुटांकडे बघत राहिली.

"सिउला, कुणी गेलंय का?"

"नाही मावशी. मुलाखत घ्यायचीय. मासेलिनोबद्दल."

"मग बस. आणि ते काढ आधी. पाय उकडले असतील."

मुलाखत झाली नाही. पत्ते झाले. नंतर रोजच झाले.

आमच्यात बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो. मासेलिनोने तो असा पाळला होता, की प्रत्येक गोष्ट छापायच्या आधी तिला वाचून दाखवायची. "चांगली असली तर मी ऐकायचे," मावशी म्हणायची. "वाईट असली तर मला झोप लागायची. तो मला हलवून उठवायचा नाही. गपचूप जाऊन पुन्हा लिहायचा." मी विचारलं, सगळ्यात जास्त झोप कुठल्या गोष्टीला लागली? तिने नाव सांगितलं. त्याच गोष्टीला मोठं बक्षीस मिळालं होतं.

तिने लग्न केलं नाही. मासेलिनोची बायको ऑकलंडला गेली ती परत आली नाही, तेव्हा त्या दोघांचा मुलगा एतुआले याला मावशीनेच वाढवलं. मासेलिनो वारला तेव्हा थडगं तिनेच बांधून घेतलं. आतून दोन कप्पे, वरून एकच रुंद ओटा. तेव्हाच्या म्हाताऱ्या गवंड्याला म्हणाली होती, "माझ्या बाजूची फरशी नुसती टेकव. पुन्हा उघडायचीय."

तो ओटा मुख्य रस्त्याला लागून आहे. त्यावर आमची मुलं झोपली, बायकांनी पालेभाजी निवडली, म्हाताऱ्यांनी बस येईपर्यंत गप्पा मारल्या. घरासमोरच्या थडग्यांवर आम्ही हेच करतो. त्यात कुणाला काही वाटत नाही.

मग शहराला आठवण झाली, की आपल्या लेखकाचं स्मारक नाही.

समिती झाली. अध्यक्ष लेउता. हा माणूस वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं. त्याने मासेलिनोची सगळी पुस्तकं वाचली आहेत. भाषणात तो त्यातली पानंच्या पानं पाठ म्हणतो. त्यामुळे त्याच्याशी भांडणं फार अवघड होतं.

समितीला समुद्राकाठी पुतळा हवा होता. अस्थीही तिकडेच न्यायच्या होत्या. रेडिओवर रोज सकाळी हाच विषय. एक मास्तर फोन करून म्हणायचे, डोंगरावर त्या परदेशी लेखकाची कबर बघायला जग येतं आणि आपला माणूस अभ्र्यांखाली पडलाय. एक बाई म्हणायची, पुतळा नको, वाचनालयाला पंखे द्या. एक जण रोज फोन करून विचारायचा, पुतळा उभा की बसलेला? मावशी ओट्यावर बसून सगळ्यांना उत्तरं द्यायची.

"समुद्राकाठी? अरे, त्याला पाण्याची भीती वाटायची. गुडघ्याच्या वर कधी गेला नाही." रेडिओ पुढे बोलत राहायचा. "ऐकतच नाहीत मेले," ती म्हणायची आणि आवाज वाढवायची.

तिच्याकडे कुणी विचारायला आलं नाही. मुलाखती घ्यायला आले, फोटो काढायला आले. फोटोच्या आधी अभ्रे उचलायला लावले.

शेवटी तोडगा निघाला. अस्थी हलवायच्या नाहीत, स्मारक थडग्यावरच करायचं. लेउता स्वतः सांगायला आला. मावशी खूश झाली. म्हणाली, "रंग द्या. नाव नीट कोरा. एवढंच करा." लेउताने तिचे दोन्ही हात धरले. "मावशी, तुम्ही बघतच राहाल."

त्यानंतर एतुआलेच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. मावशी ऑकलंडला गेली. ती तिथे असतानाच समितीने सगळं उरकून घेतलं. तिला चकित करायचं होतं. फोनवर एतुआलेची परवानगी घेतली, घराण्यातल्या वडीलधाऱ्यांना मानाची भेट म्हणून बारीक विणीच्या चटया दिल्या, खारवलेल्या मांसाचे डबे दिले. वडीलधाऱ्यांनी स्वीकारले. मंत्री आले. पाद्रीबाबांनी पुस्तकावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. मीही तिथे होते. मलाही ते छान दिसलं. पांढऱ्या चकचकीत टाइल्स, भोवती साखळी, उजवीकडे मासेलिनोचं नाव, डावीकडे उघडं पुस्तक. पाटी: "कृपया बसू नये." आत काय केलंय, ते मला दिसत नव्हतं.

मावशीला आणायला आम्ही विमानतळावर गेलो. ती पिशव्या घेऊन अंगणात उतरली. पुस्तकाकडे बघितलं. साखळी ओलांडून गेली आणि डाव्या बाजूवर हात ठेवला. मग मूठ करून ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"हे भरलंय," ती म्हणाली.

लेउता हार घेऊन पुढे आला. "मावशी, आवडलं ना?"

"खाली पोकळ होतं. हे कुणी भरलं?"

गवंडी किलिफी मागे उभा होता. तो बिचकत म्हणाला, "मी भरलं मावशी. काँक्रीट ओतलं. पुस्तक जड आहे, खाली पोकळ राहिलं तर खचलं असतं. मला एकाच माणसाचं आहे म्हणून सांगितलं होतं."

"इतकं रुंद? एका माणसाचं?"

"लेखक मोठा होता ना," किलिफी म्हणाला. कुणीतरी हसलं.

मावशीने लेउताकडे बघितलं. "आणि मी?"

"तुमचंही नाव आहे की!" लेउता उत्साहाने म्हणाला. "मागच्या बाजूला. आभारात."

तिने जाऊन ते वाचलं. मग हार घालून घेतला, सगळ्यांना कोको दिला, बाप्तिस्म्याचे फोटो दाखवले. त्या दिवशी ती घराच्या पायरीवर बसली. मी तिला पायरीवर बसलेली पहिल्यांदा बघत होते.

मी समितीच्या बैठकीला गेले. आधी चहा झाला. मग प्रार्थना. मग पुस्तकाच्या पानावर आपल्या भाषेतला उतारा असावा की इंग्रजीतला, यावर चर्चा. तो अजून कोरायचा होता. ती चर्चा संपेना. शेवटी मी मध्येच उठले.

"ती जागा मावशीची आहे. ते काँक्रीट काढायला हवं."

लेउताने चष्मा काढला. "सिउला, तुझं बरोबर आहे. चूक झाली. पण उद्घाटन झालंय. मंत्र्यांनी केलंय. आता फोडायचं म्हणजे मंत्र्यांचा अपमान. घराण्याने भेटी स्वीकारल्यात, त्यांचाही अपमान."

"मग?"

"रीतसर विषय मांडू. पुढच्या बैठकीत. मावशी धडधाकट आहेत, देवाच्या दयेने. घाई काय आहे?"

पुढच्या बैठकीत उताऱ्यावर मतदान झालं. त्याच्या पुढची बैठक वादळामुळे रद्द झाली. नंतरच्या बैठकीत विषय निघाला, पण कोरम नव्हता. प्रत्येक वेळी कुणीतरी मला दारापर्यंत सोडायला यायचं आणि प्रेमाने म्हणायचं, घाई काय आहे?

मी मावशीला म्हटलं, तू रेडिओवर फोन कर. तू सांगितलंस तर ऐकतील. तिने केला. बराच वेळ फोन कानाला लावून बसली. मग निवेदकाचा आवाज आला. "आज आपल्याबरोबर खुद्द मासेलिनोंच्या भगिनी आहेत! मावशी, तुम्हीच निकाल द्या. उतारा कुठल्या भाषेत?"

"उतारा कुठल्याही भाषेत कोरा. पुस्तक माझ्या अंगावरून उचला."

निवेदक खदखदून हसला. "वा, मावशी! भावासारखीच जीभ!"

आठवडाभर ते वाक्य रोज लावत होते. बाजारात पोरं तिला बघून म्हणायची, "मावशी, पुस्तक उचलू का?" ती त्यांना केळी द्यायची. घरी आल्यावर तिने रेडिओची बॅटरी काढून ठेवली.

मी चिडत होते. तिच्यावरही. तिने ओरडावं, लेउताच्या दारात जाऊन बसावं, असं मला वाटायचं. ती म्हणायची, "घराण्याने भेट स्वीकारलीय. मी ओरडले तर म्हाताऱ्यांची मान खाली जाईल."

"मग तू काय करणार?"

"बघू."

त्यानंतर टाइल्स निघायला लागल्या.

आधी मागच्या कोपऱ्यातली. मग तिच्या शेजारची. समितीचा माणूस येऊन फोटो काढून गेला. रेडिओवर नवा विषय सुरू झाला: स्मारकाचं निकृष्ट काम. मास्तरांनी फोन केला, वाचनालयवाल्या बाईने केला. किलिफीचं नाव घेऊन लोक बोलले. याच्याकडून चुलीचा ओटासुद्धा बांधून घेऊ नका, असं एक जण म्हणाला.

एका दुपारी मी गेले तर मावशी साखळीच्या आत, लुंगी गुडघ्यावर खोचून बसली होती. हातात नारळ सोलायचा लोखंडी खिळा आणि दगड.

"मावशी! तू?"

"हळू बोल. आणि हा अभ्रा धर, कपच्या उडतात."

"पण हे पवित्र केलंय ना? पाद्रीबाबांनी प्रार्थना..."

"पाद्रीबाबांनी हात कुठे ठेवला होता?"

मी आठवून बघितलं. "पुस्तकावर."

"टाइलवर ठेवला का?"

"नाही."

"मग," ती म्हणाली आणि दगड हाणला.

तिचा बेत सरळ होता. पुस्तकाला हात लावायचा नाही. आपल्या बाजूच्या टाइल्स काढायच्या. खालचं काँक्रीट कडेकडेने फोडायचं. पुस्तक एकटं उरेल, तेव्हा घराण्यातल्या पुरुषांना सांगायचं, हे न फोडता, आदराने उचला आणि अंगणात कुठेही ठेवा. "तेव्हा कुणाचा अपमान होणार नाही. सगळं शाबूत असेल. फक्त थोडं सरकलेलं."

"आणि किलिफी? लोक त्याला बोलतायत."

ती थांबली. हे तिला लागलं होतं. "त्याला मी सांगणारच होते."

सांगावं लागलं नाही. किलिफी दुसऱ्याच दिवशी आला. स्वतःच्या हाताने बसवलेल्या टाइल्स आपोआप निघत नाहीत, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो साखळीबाहेर उभा राहिला. मावशीही खिळा लपवायला गेली नाही.

"मावशी, त्या खिळ्याने तुमचा हात फुटेल."

"फुटू दे. तुझं नाव खराब केलं मी."

"नाव काय, मी चर्चच्या पायऱ्या बांधल्यात, त्या बघतील लोक." त्याने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. "अशी तिरपी धरा. खालून. सिमेंटात मी कंजूषपणा केला नव्हता, त्यामुळे वेळ लागेल. माफ करा."

"तू काढून देशील का?" मी विचारलं.

किलिफीने मान हलवली. "माझ्या घराण्याने समितीकडून काम घेतलंय. मी करून दिलेलं काम मीच कसं मोडू? पण छिन्नी हरवली असं सांगू शकतो."

रेडिओवर त्याने स्वतः फोन केला. म्हणाला, टाइल्स माझ्या हातून सैल बसल्या असतील, दुरुस्त करीन, सध्या हात दुखतोय. मावशीने बॅटरी घालून ते ऐकलं. मग त्याच्या घरी अळूच्या पानांत बांधून भाजलेलं नारळाचं दूध पाठवलं, टोपलीभर.

त्यानंतर ती रोज थोडं करायची. दुपारची, रस्ता सुस्त असताना. मी कपच्या गोळा करून केळीच्या बुंध्याशी टाकायचे. मोकळ्या झालेल्या सिमेंटवर ती लगेच अभ्रा पसरायची. जागा वाढत गेली तशी ती पुन्हा ओट्यावर बसायला लागली. आधी एका मांडीपुरती, मग नीट. पत्ते पुन्हा ओट्यावर आले. पाटी तशीच होती. "कृपया बसू नये." मावशी तिच्यावर कोकोचं फडकं वाळत घालायची.

मी म्हणायचे, थोडं मी फोडते, मला दे हातोडी. ती द्यायची नाही. "माझं अंथरूण मी घालते. तू पुढचं पान टाक."

मंगळवारी मी बाजारातून नीरफणस घेऊन येत होते. ती ओट्याला टेकून खाली बसली होती. तिला डुलकी लागली असं मला वाटलं. वाईट गोष्ट ऐकताना लागायची तशी. मी हलवलं नाही. आत जाऊन नीरफणस ठेवला, पाणी प्यायले, पत्ते घेऊन बाहेर आले. मग हाक मारली.

लेउता त्याच संध्याकाळी आला. सगळ्यात मोठी, सगळ्यात बारीक विणीची चटई त्याने आणली होती. तो रडला, आणि ते रडणं खरं होतं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "सार्वजनिक दफनभूमीत मी चांगली जागा सांगून ठेवलीय. उंचावर आहे. समुद्र दिसतो."

"तिला समुद्र नकोय. तिला तिची जागा हवीय."

"सिउला, तू शिकलेली आहेस. हे आता एका घराचं राहिलेलं नाही. शहराचं आहे. बैठक पुढच्या गुरुवारी आहे, मी स्वतः विषय मांडतो."

"तिला दोन-चार दिवसांत पुरायचंय, लेउताकाका."

त्याने चटईचा कोपरा सरळ केला. पहिल्यांदाच 'घाई काय आहे' म्हणाला नाही.

एतुआलेचा फोन आला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "मला वाटलं रंग देतायत गं. मी हो म्हटलं. मला वाटलं रंग." मग म्हणाला, "मी शुक्रवारी रात्री पोहोचतो. तोवर कुणी काही ठरवू नका."

काल किलिफी पहार घेऊन आला होता. म्हणाला, आता मला कुणी काही बोललं तरी चालेल. घराण्यातले थोरले साखळीपाशी उभे होते. त्यांनी त्याचा खांदा धरला. "एतुआले येऊ दे. मुलाचा शब्द होऊ दे." किलिफीने पहार चाफ्याला टेकवून ठेवली आणि तो तिथेच खाली बसला. आज शुक्रवारी सकाळी मी आले तेव्हाही तो तिथेच होता.

रेडिओवर शोकसंदेश चालू आहेत. मधूनच तिचा आवाज लावतात. "पुस्तक माझ्या अंगावरून उचला." आणि नंतर निवेदकाचं हसू, तेही तसंच ठेवलंय.

मी ओटा झाडला. आधी चाफा, मग अंगण. डाव्या बाजूचं जवळजवळ अर्धं सिमेंट मोकळं झालं आहे. त्यावर तिने मंगळवारी पसरलेला अभ्रा आहे, लिंबं सुकायला लागली आहेत. पलीकडे टाइल्सच्या दोन ओळी शिल्लक आहेत, आणि त्यांच्यापलीकडे पुस्तक. पहिल्या ओळीतली एक टाइल एका बाजूने उचलली गेली आहे. तिच्याखाली छिन्नी तशीच आहे, तिरपी.